किसनचे कान

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. घरात नाही, देवापुढे नाही. ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं, तो चैत्रात गेला. आता तुमच्यापाशी बोलतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. सावकाश लिहितो. मध्येच थांबलो तर समजून घ्या — नाही, समजून घ्या असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

यंदाच्या उन्हाळ्यात हिंगोलीत काहीच नाही. धामधुमीचं, दंग्याधोप्याचं साल आहे. दिवे लागले की दारं लागतात, आणि माणसं बंद घरात उकडत बसतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी उन्हाळा हीच गावाची चैन होती. कापसाची जीन बंद, शाळा बंद, शेतं रिकामी. पूर्णेकडून येणाऱ्या गाडीतून पडद्यांच्या मोठाल्या ट्रंका उतरायच्या. मैदानात एकदा नाटक कंपनीचा तंबू, एकदा हलत्या चित्रांचा. कुठं कुस्त्या, कुठं कलगी-तुऱ्याचे सामने. आणि परक्यांचे तंबू उठले की मग आमच्या हौशी मंडळींचं नाटक. वर्षातून एकच.

मी कचेरीत नकलनवीस. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या उर्दूत नकला करायच्या, हे माझं काम. सरकारी कारभार सगळा उर्दूत, गावातली शाळाही उर्दूच. मराठी मला वडिलांनी घरी शिकवली. त्यामुळं नाटकाचं मराठी पुस्तक धडपणे वाचू शकेल असा मंडळींत मीच. नटांकडून पाठ करून घ्यायचं मी, आणि प्रयोगाच्या वेळी कंदील घेऊन पडद्याआड बसायचं, वाक्यं सांगायची, तेही मीच. आणखी एक काम माझ्याकडं होतं. नाटक आधी कचेरीत उर्दूत लिहून द्यावं लागे, आणि जेवढं मंजूर होई तेवढंच रंगभूमीवर बोलायचं, अशी अट असे.

हे सगळं का सांगतो आहे? कारण यातलं एक जरी वेगळं असतं — पण ते राहू द्या. वेगळं नव्हतं.

किसन सेनगावकडचा. घरी मेंढरं. मिसरूड फुटायच्या आत मामाकडं आला आणि जिनीत कामाला लागला. अक्षर येत नव्हतं. पण पाण्याला निघालेली एखादी बाई त्यानं पाहिली की दुसऱ्या दिवशी तीच बाई त्याच्या खांद्यांत, मानेत येऊन उभी राही. आमच्या नाटकातल्या सगळ्या राण्या त्याच्या. लुगडं नेसून तो बाहेर आला की पुढं बसलेली म्हातारी माणसंसुद्धा सावरून बसत.

संध्याकाळी आम्ही कयाधूच्या वाळूत जात असू. नदी आटलेली असे. मी वाचायचो, तो ऐकायचा. माझ्या आवाजावरच त्यानं सगळं पाठ केलं होतं. त्याची रीत अशी होती — भाषणाचा पहिला शब्द मी द्यायचा. तो मिळाला की पुढचं पानभर आपोआप वाहत यायचं.

पहिल्या वर्षी तो एकदा अडला होता. गावाकडं भारुडात सोंगं घेतलेला गडी. त्यानं मनाचंच काहीतरी जोडलं, लोक हसले, आणि खरं सांगायचं तर पुस्तकातल्यापेक्षा ते बरं होतं. मी मात्र त्याला फार बोललो. "मंजूर कागदाबाहेरचा एक शब्द गेला तर पुढच्या साली इजाजत नाही मिळायची. अडलास तर गप्प उभा राहा. मी सांगेन."

"बराबर हाय, भाऊ," तो म्हणाला. "तुमी सांगसाल तवाच तोंड उघडीन. मंग साप चढला अंगावर तरी."

आणि त्यानं ते पाळलं.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे, त्या वर्षी मैदानातल्या कंपनीचा बायकी कामं करणारा नट आजारानं घरी परतला होता. तंबू उठला, पण मॅनेजर आमचं नाटक पाहायला मागं थांबला. मला म्हणाला, "पोराचं नाव ऐकलंय. काम पसंत पडलं तर उद्याच्या गाडीनं घेऊनच जातो." मी ते किसनला सांगितलं. त्यानं लगेच गाठोडं बांधलं. मामीनं भाकरी करून द्यायचंही ठरलं. आणि तो मला म्हणाला, "भाऊ, तुमीबी चला की! तुमच्यावाचून माहं तोंड कसं उघडंल?"

चेष्टेनं म्हणाला. मॅनेजरनं मला काही विचारलं नव्हतं. त्याच्याकडं पुस्तक वाचणारी माणसं पुष्कळ असणार.

मी किती वाचलं होतं, ठाऊक आहे? दूरच्या शहरांची वर्णनं, मोठाली नाट्यगृहं, समुद्र. आणि ते सगळं बघायला जाणार कोण — तर ज्याला अक्षर येत नाही तो. मी मात्र शाईच्या दौतीपाशी. हे एक. दुसरं सांगायला जड जातं. तो गेल्यावर वाळूत मी कुणाला वाचून दाखवणार होतो? मत्सर होता की एकटं पडायची भीती? इतकी वर्षं दोन्ही उलटसुलट करून पाहिलं. त्यानं काही हलकं होत नाही.

तिसरा अंक. राजा लढाईला निघालेला, राणीचं निरोपाचं भाषण. गॅसबत्त्यांचा पिवळा उजेड, पुढच्या खुर्चीवर पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, त्यांच्या मागं मॅनेजर. ठरल्या जागी किसन एक पाऊल माझ्या बाजूला सरकला. कान माझ्याकडं केला. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं, बोट शब्दावर होतं.

शब्द साधा होता — "महाराज". कुणालाही सुचला असता. त्यालाही सुचलाच असणार. पण मी सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मीच त्याला बांधून ठेवलं होतं.

मी सांगितलं नाही.

तो वाट पाहत उभा राहिला. मान खाली, चेहऱ्यावर राणीचंच दुःख. थोडा वेळ लोकांना वाटलं, हेच काम आहे. मग मागून कुणीतरी ओरडलं, "काहून गं राणीसाहेब, तोंडात गूळ धरला का?" दुसरा म्हणाला, "राजा चालला म्हून वाचा गेली तिची!" हशा पिकला. शिट्ट्या सुरू झाल्या. किसन आणखी एक पाऊल माझ्याकडं सरकला. पदराआडून हलकेच म्हणाला, "भाऊ?" मी ओठ मिटून घेतले. हे मुद्दाम लिहितो — शब्द तोंडाशी आला होता आणि मी ओठ मिटून घेतले.

राजाचं काम करणाऱ्यानं काहीतरी वाक्य घेऊन अंक संपवला. पडद्याच्या फटीतून मॅनेजर उठून जाताना दिसला.

आत सगळे किसनवर तुटून पडले. नाक कापलंस, वर्षाची मेहनत मातीत घातलीस. तो लुगड्यातच खाली बसला. म्हणाला, "भाऊनी सांगितलंच असंल. माह्याच कानात शिरलं न्हाई. जिनीच्या खडखडाटानं कान गेले वाटतं माहे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मी दोनदा सांगितलं."

हीच ती गोष्ट. गप्प राहणं एक वेळ घसरणं म्हणता आलं असतं. हे घसरणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. पावसाळ्यानंतर जीन सुरू झाली, किसन कामावर गेला. पुढं पुन्हा कधी त्यानं लुगडं नेसलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणे, "बहिऱ्याची राणी कोण पाहील?" त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. गाण्याच्या सामन्यांनाही जाणं त्यानं सोडलं. आणि माझ्याकडं मात्र तो रोज येई. माझ्याशी बोलताना कान पुढं करी. मग मी काय करू लागलो? मोठ्यानं बोलू लागलो. मला पाहून त्याचा मामा, त्याची बायको साळू, शेजारीपाजारी, सगळेच. धडधाकट कानांच्या माणसाशी अख्खी गल्ली ओरडून बोलत होती.

एकदा वाळूत बसलो असता तो एकदम उठला. "पल्याड मेंढरू अडकलंय." मला काही ऐकू आलं नव्हतं. तो नदी ओलांडून दूरच्या बाभळीपर्यंत गेला, काट्यांतून कोकरू सोडवून परत आला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो. तो हसला. "मेंढराचं ऐकू येतं, भाऊ. माणसाचंच येत न्हाई."

तेव्हा तरी बोलायला नको होतं का? आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "चल, उशीर झाला." मोठ्यानं म्हणालो.

या चैत्रात त्याला ताप भरला. उतरलाच नाही. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. साळू पाणी आणायला आत गेली, तेव्हा मी त्याच्या कानाशी वाकलो. एवढंच सांगायचं होतं — तुझे कान चांगले होते. त्यानं सवयीनं मान वळवली, कान माझ्याकडं केला. मी ओरडून विचारलं, "बरं वाटतंय का?" त्यानं मान हलवली.

काल मी साळूकडं गेलो होतो. ती अंगणात लेकीला मांडीवर आडवी घेऊन बसली होती. जवळ वाटीत लसूण जाळलेलं तेल. ती रोज ते पोरीच्या कानांत घालते. "बापावानी व्हऊ नये, भाऊ," ती म्हणाली. "त्यांचे कान धड असते तर कुठल्या कुठं गेले असते. तुमालाच ठावं." तेल कढत असावं. पोर किंचाळून हातपाय झाडू लागली. साळू मला म्हणाली, "जरा पाय धरता का हिचे?"

मी धरले.