अक्कांनी मढवलेली टेबलं

अक्का गेल्या तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज अर्धी लिहून झाली होती. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, नुसतं हातानं ‘बाहेर या’ म्हणाले... मला कळलं. सकाळी निघताना मी अक्कांना कुशीवर वळवलं होतं, पाठीला तक्क्या लावला होता. ‘आज राहू का घरी?’ असं विचारलंही होतं. ‘पोरांची परीक्षा जवळ आलीय. जा तू,’ त्या म्हणाल्या, आणि मी गेले. याला आता दीड महिना होऊन गेला. काहीही करत असले तरी मन तिथंच येऊन अडतं. त्या जा म्हणाल्या आणि मी गेले.

महानंदाअक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. उमरग्यात हायवेला लागून आमचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. माझे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, लोखंडी सांगाडे वेल्डिंग करून जोडतात. दवाखान्यातले पलंग, तपासणीची टेबलं, कचेऱ्यांमधल्या खुर्च्या, बाहेर लोकांना बसायची बाकडी. त्या सांगाड्यांवर फोम बसवून वरून रेक्झिन मढवायचं काम अक्कांचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मढवायला ठेवलेला कारागीर एकदा काम अर्धवट टाकून सोलापूरला निघून गेला, तेव्हा त्यांनी फाटकी गादी उसवून बघितली, कशी शिवलीय ते समजून घेतलं आणि शिलाई मशीनवर बसल्या. त्यानंतर उठल्याच नाहीत. त्यांचं माहेर कर्नाटकातलं. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण मापं घेताना मात्र कन्नडच. टेपवर अंगठा सरकवत ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं पुटपुटायच्या. मध्ये कुणी बोललं तर माप चुकायचं, आणि मग पहिल्यापासून.

मी ईट गावची. शेतकरी घरातली. लग्न होऊन आले तेव्हा डी.एड. झालेलं होतं, नोकरी नव्हती. घरात मोठ्या जावेपुढं कसं वागायचं याची आईनं चार दिवस शिकवणी घेतली होती. ती काही कामाला आली नाही. आठवड्याभरात अक्कांनी माझ्या हातातली परात काढून घेतली. ‘भाकरी म्या थापते. तू तुझी पुस्तकं काढ अन् परीक्षा दे. बाईमाणसाच्या नोकरीचा पगार घरात आल्याला मला बघायचाय.’ भरतीची परीक्षा मी दोन वेळा नापास झाले. दोन्ही वेळा त्यांनी काही विचारलं नाही, फक्त त्या दिवशी माझ्या ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा मशीन थांबवून म्हणाल्या, ‘झालं का? बरं झालं. हा दोरा ओव आता, मला दिसंना.’

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत टेम्पोतून माल पोचवायला जायची. फार मजा यायची. कचेऱ्यांमधल्या जुन्या खुर्च्या दुरुस्तीला आल्या की त्या नुसती गादी बघून माणूस सांगायच्या. ‘हा डाव्या अंगावर रेलून बसतोय, ह्याची खिडकी डावीकडं असंल.’ एकदा एका कार्यालयात साहेबांची खुर्ची नव्यानं मढवून द्यायला गेलो होतो. साहेबांनी बसून बघितलं, मऊ आहे म्हणाले. अक्का म्हणाल्या, ‘साहेब, भाईर म्हातारी माणसं बसत्यात, त्या बाकड्याला पाठ न्हाय. तुमची खुर्ची झाली, आता त्याचं बघा.’ साहेब हसले. पण पुढच्या महिन्यात पाठ असलेल्या बाकड्यांची ऑर्डर आली, हे खरं.

दवाखाने तर त्यांना घरासारखे. गावातल्या जवळजवळ सगळ्या डॉक्टरांकडं अक्कांनी मढवलेली टेबलं. टेबल नवं झालं की त्याची उंची तपासायला त्या मला त्यावर झोपवायच्या. ‘उठ. पड. कुशीवर व्हय. उतरताना पाय टेकतोय का?’ स्वतः कधीच झोपायच्या नाहीत. ‘मला बघायला लागतंय, झोपून कसं दिसंल?’ म्हणायच्या. मला ते पटायचं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात दुखायला लागला. रेक्झिन ताणून धरायचं आणि खालून स्टेपलर मारायचा, याला जोर लागतो. ते ताणायला त्या मला हाक मारू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘शिलाईनं खांदा धरलाय.’ आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. रोज जेवणं झाली की मी त्यांच्या खांद्याला मलम चोळायची. खांदा, पाठ, दंड. पुढं हात गेला की त्या पदर घट्ट धरायच्या. ‘तिकडं नगं, बास.’ मला वाटायचं, लाजतात. असं मी किती महिने चोळलं... माझा हात त्यांच्या छातीतल्या गाठीपासून चार बोटांवर होता.

एका रविवारी बाईडॉक्टरांच्या दवाखान्यात नवं टेबल पोचवायचं होतं. मी सोबत होते. टेबल जागेवर बसवलं, दादा पायांचे स्क्रू आवळून बाहेर गेले. डॉक्टर बोलता बोलता थांबल्या आणि अक्कांच्या बांगड्यांकडं बघत राहिल्या. उजव्या हातात बांगड्या रुतल्या होत्या.

‘अक्का, हात कधीपासून सुजलाय?’

‘कामानं सुजतोय, मॅडम.’

‘कामानं एवढा सुजत नाही. झोपा इथं.’

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगून दार लावलं. मी बाहेर आमच्याच बाकड्यावर बसले. दहा मिनिटं झाली असतील, जास्त नाही. डॉक्टरांनी मला आत बोलावलं तेव्हा अक्का टेबलाच्या कडेला बसून ब्लाउजची बटणं लावत होत्या आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. ‘उद्याच सोलापूरला न्या. परवा नको,’ एवढंच त्या मला म्हणाल्या.

परत येताना टेम्पोत आम्ही दोघी मागं बसलो होतो. अक्का म्हणाल्या, ‘सुनंदा, रेक्झिन लई गार लागतंय गं. अंगावर कापड नसलं की पाठीत चर्र होतंय. एवढी वर्सं म्या मढवतेय, एक बाई कधी बोलली न्हाय.’

मला ते ऐकवेना. मी विचारलं, ‘कधीपासून माहीत होतं तुम्हाला?’

‘वर्स झालं असंल.’

‘मग सांगितलं का नाही? मला तरी...’

‘दुखत न्हवतं सुरवातीला. घरात समदे पुरुष. दोन-तीन डाव तुला सांगावं म्हणून आल्ते तुझ्या खोलीत. तू पोरांचे पेपर तपासत हुतीस. म्हणलं, नगं आता.’

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करतेय. दारात त्या कधी उभ्या राहिल्या होत्या? मी मान वर करून बघितलं होतं का? ‘काय, अक्का?’ असं विचारलं होतं का? काहीच आठवत नाही...

पुढचे आठ महिने सोलापूरच्या वाऱ्या. केस गेले, नखं काळी पडली, जेवण तोंडात फिरायला लागलं. मशीन चालवू नका असं सांगितलं होतं. पण दर खेपेच्या औषधाचे पहिले चार-पाच दिवस सरले की त्या डोक्याला फडकं बांधून मशीनवर बसायच्या. मऊ सुती कापडाचं अख्खं ठाण त्यांनी मागवलं आणि तपासणीच्या टेबलांच्या खोळी शिवायला घेतल्या. कडेला इलास्टिक, म्हणजे घालायला-काढायला सोप्या. एका टेबलाला तीन. एक वापरात, एक धुण्यात, एक वाळलेली. सगळी मापं त्यांना पाठ होती. कुणाच्या दवाखान्यातलं टेबल किती लांब, किती रुंद, हे त्या डोळे मिटून सांगायच्या आणि मी लिहून घ्यायची. त्या वेळी मी पेपर तपासत बसत नव्हते. आता सांगून काय उपयोग म्हणा.

खोळी वाटायला त्या स्वतः आल्या. मी हात धरायची. बायका जिथं तपासून घ्यायला येतात ते दवाखाने आधी, मग खेड्यांतली उपकेंद्रं. एक डॉक्टर म्हणाले, ‘अक्का, रेक्झिन पुसायला सोपं असतं, कापड रोज कोण बदलणार?’ अक्का धाप लागून दारालाच टेकल्या होत्या. म्हणाल्या, ‘तुमाला पुसायला सोपं, डॉक्टरसाहेब. बायांना झोपायला अवघड. त्या गप पडून ऱ्हात्यात, म्हणून तुमाला कळंना.’ डॉक्टरांनी खोळी घेतल्या. शेवटच्या दोन खोळींना इलास्टिक लावायचं राहिलं, ते मी लावलं. माझी शिवण वाकडी आली. त्या बोट फिरवून म्हणाल्या, ‘चालतंय. झोपणारीला दिसत न्हाय.’

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. ‘तूबी मॅडमकडं जाऊन दाखवून ये. म्या हाय तवर जा.’ मी हो म्हटलं आणि गेले नाही. त्यांना सोडून जायला तेवढा वेळ कुठं होता, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं तर भीती वाटत होती.

गेल्या आठवड्यात गेले. एकटीच. बाईडॉक्टरांनी त्याच टेबलाकडं बोट दाखवलं. मी झोपले. पाठीला सुती कापड लागलं, अजिबात गार नव्हतं, आणि मला रडू आवरेना. डॉक्टर थांबल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी नीट, सावकाश तपासलं. काही सापडलं नाही. ‘वर्षाच्या वर्षाला येत जा,’ म्हणाल्या.

घरी आले तेव्हा दादा दुकानापुढं एका पलंगाचा सांगाडा जोडत होते. सकाळी मी कुठं जातेय हे मी घरात कुणाला बोलले नव्हते, पण त्यांना कळलं होतं. माझ्याकडं बघून त्यांनी काम थांबवलं. विचारायचं होतं, पण धाकट्या भावाच्या बायकोला हे कसं विचारणार? ते तसेच उभे राहिले.

‘दादा, काही नाही निघालं. सगळं ठीक आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ‘तिलाबी आधीच न्यायला पाहिजे हुतं म्या,’ एवढंच म्हणाले. मग वेल्डिंगची काळी काच उचलून तोंडापुढं धरली आणि पलंगाकडं वळले. मी बराच वेळ दारात उभी होते. काच तोंडापुढं होती, दुसऱ्या हातातली कांडी खाली लोंबत होती. ठिणगी काही पडली नाही.