सुतळीचे दगड, माझी माती

सुतळीला मी किती ओळखत होतो म्हणाल, तर फारसा नाही. तो माझा साडू. धरणाच्या कामावर आम्ही बरोबरच लागलो आणि पुढे दोन सख्ख्या बहिणींशी आमची लग्नं झाली. दगडांची ओळ सरळ धरायला त्याच्या खिशात कायम सुतळी असे, म्हणून हे नाव.

आमचं धरण मातीचं. मधे काळ्या चिकणमातीचा गाभा, तो पाणी अडवतो. दोन्ही अंगांनी मुरूम, तो गाभ्याला सावरून धरतो. गाभा आमच्या टोळीकडे होता. थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, त्यावर पुन्हा थर. सुतळीकडे पाण्याच्या बाजूचं दगडी अस्तर, लाटांनी भराव खचू नये म्हणून. काम संपलं तेव्हा त्याचे दगड उन्हात चमकत होते आणि माझी माती कुणालाच दिसत नव्हती.

पाहुणे आले की बायको त्यांना धरणावर नेई. "हे आमच्या दाजींचं काम."

"आणि यांचं?" कुणीतरी माझ्याकडे बघून विचारी.

"त्याचं आत गाडलंय," सुतळी म्हणे. सगळे हसत. मीही हसे, पण पोटात दुखे.

लाटांनी दरवर्षी त्याचे चार दगड निसटत. तो जाऊन बसवी, तेव्हाही वाहवा त्याचीच. माझी माती निसटली असती, तर वाहवा करायला कुणी उरलं नसतं. एवढ्या वर्षांत त्याने एकदा तरी "गाभा चांगला झालाय" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या वर्षी तलाव काठोकाठ भरला. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, ते पायथ्याच्या चरात येतं. गढूळ आलं तर समजावं, आतली माती वाहून चालली. मी धास्तावून सकाळीच चराशी गेलो, तर सुतळी आधीच तिथे उकिडवा बसलेला, काचेचा ग्लास उजेडात धरून.

"काय शोधतोस?"

"गढूळ."

"सापडलं?"

"कुठलं. दरवर्षी येऊन बघतो, एकदाही नाही. आणि मी मेला जन्मभर दगडच बसवतोय."

हे कौतुक होतं की जळफळाट, कोण जाणे. जळफळाटच असावा, अशी माझी इच्छा आहे. कौतुक काय, तो कुणाचंही करी.

त्याच आठवड्यात तो झोपेत गेला. चराशी भेटलो त्या सकाळी मात्र ग्लास पुसून खिशात घालत तो उठला.

"ग्लास घरचा आहे. तुझ्या मेहुणीला सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हटलं.