रिकामी राहिलेली तारीख

बरकतपुऱ्यातल्या त्या छोट्या संस्थेत योगिनीताईंचं काम सांगायला एका वाक्याचं. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना पुढचं रक्त कधी चढवायचं, ते त्यांच्या आईबापांना फोन करून कळवायचं. करायला मात्र जिवाचं, कारण एक फोन राहिला की पोर पांढरंफटक पडतं. आधी वही होती. मग कॉम्प्युटर आला आणि शेवटच्या तारखेत मधल्या अंतराचे दिवस मिळवून पुढची तारीख आपोआप काढणारा रकाना आला.

मूल गेलं तर नाव खोडायचं नाही, शेवटच्या रक्ताची तारीख तेवढी पुसायची म्हणजे पुढचीही निघत नाही, ही तिथली रीत. ती ताईंनीच पाडली. त्यांचा मुलगा विकास याच आजाराने नवव्या वर्षी गेला तेव्हा ‘मयत’ हा शब्द त्यांच्या हातून उमटेना. पुढे सगळ्यांनीच ती पाळली. पुढची तारीख रिकामी दिसली की काय ते समजायचं, फोन करायचा नाही.

एका सोमवारी फाइल उघडली तर अख्ख्या रकान्यात एरर! एकही तारीख नाही. “हौलं झालंय हे मशीन, डोकं फिरलंय त्याचं,” ताई करवादल्या. इथल्याच आयटी कंपनीतला, मूळचा पुण्याचा तेजस संस्थेला हौसेने मदत करायचा. तो फोनवर म्हणाला, “काकू, टेन्शन घेऊ नका. सगळ्या ओळींना सूत्र एकच, त्यामुळे एका ओळीत गडबड असली तरी सगळा रकाना बसतो. चूक आली तर तेवढ्या ओळीची जागा रिकामी ठेव, असं सूत्रात टाकतो.” पाच मिनिटांत तारखा परत आल्या. ताईंनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिले.

बारा दिवसांनी वार्षिक अहवालासाठी त्या रिकाम्या ओळी मोजायला बसल्या. गेलेली मुलं एकोणीस, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ओळी निघाल्या वीस. विसावं नाव कुकटपल्लीच्या तन्वीचं, वय वर्षं पाच.

अगं बाई, ही कधी गेली? पण तिच्या शेवटच्या रक्ताची तारीख तर जागेवर होती. शेजारी, नुसता २१ हा आकडा हवा तिथे, ताईंनीच ‘२१ दिवस’ असं अक्षरांसकट लिहिलेलं. अक्षरांची बेरीज होईना म्हणून रकाना बोंबलत होता, आणि आपण त्याचं तोंड दाबलं. त्यांनी तन्वीच्या आईला फोन लावला.

“श्रुती, तन्वी कशी आहे गं?”

“दवाखान्यात आणलंय, ताई. जिन्यात कोसळली. रक्त चढतंय आता, डोळे उघडलेत. तुमचा फोन येईल म्हणून थांबलो होतो ना आम्ही.”

ताई टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

“चूक माझी, काकू,” धावत आलेला तेजस म्हणाला.

“तुझी कसली? आमच्याकडे रिकाम्या जागेचा अर्थ काय, हे तुला कुणी सांगितलं होतं?”

सूत्रातली ती सूट त्यांनी काढायला लावली, ‘२१ दिवस’मधली अक्षरं पुसली आणि मुलांच्या स्थितीसाठी वेगळा रकाना करून घेतला. “एकोणीस ओळी मी भरतो,” तेजस हळूच म्हणाला.

“नक्को रे. पहिली ओळ माझी आहे.”

चष्मा पुसून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, आणि विकासच्या नावासमोर एकेक अक्षर शोधत ‘मयत’ लिहिलं.