मोठीआईची जीभ

आमची मोठीआई कोणालाही नुसतं "ये" म्हणून निरोप द्यायची नाही. मी नागपूरला शाळेत नोकरीला लागले, तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी सौंसरच्या घरी जायचे. परत निघताना ती माझ्याबरोबर बसस्टँडवर यायची. बस हलली की खिडकीच्या बाजूनं चालत चालत तिचं सुरू व्हायचं, "हात बाहेर काढजो नोको, कोपरापासून तुटून जाईन. उतरताना बस थांबू देजो, नाही तं चाकाखाली येशीन." शेजारची बाई माझ्याकडं दयेनं पाहायची. लोकांच्या घरून निघताना चिवड्याचा डबा मिळतो. आमच्या घरून निघताना चाकाखाली जायची बातमी मिळायची, आणि डबाही मिळायचा.

मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमची आई मी आणि दादा लहान असतानाच गेली आणि आम्हाला वाढवलं ते हिनं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. घरात कोणती वस्तू लेकराला कुठं इजा करील याचा तिला ध्यासच होता. कढईजवळ गेलं की "कातडं सोलून निघन." विहिरीत वाकलं की "टोपीच वर येईन फक्त." मी मोठी झाल्यावर एकदा म्हटलंही, "अगं, 'जपून' एवढंच म्हण ना. इतकं भयंकर कशाला बोलतेस?" त्यावर ती म्हणाली, "जपून म्हटल्यानं काय समजते व लेकराले? मोडन म्हटलं का समजते." मी वर्गात पोरं सांभाळते. शिकवण्याची बरीच पुस्तकंही वाचली. पण याहून खरं काही मला अजून सापडलेलं नाही.

याच बोलण्यानं तिचा घात केला होता, माझ्या जन्माच्याही आधी. मोठे बाबा, म्हणजे ते थोरले काका, संध्याकाळी मोटरसायकलवर लोधीखेड्याला निघाले, तेव्हा ही दारातून म्हणाली, "अंधार आहे, उद्या जाजा. ट्रकवाले दिसत नाहीत, मरून जासान." ते हसले आणि गेले. ट्रकनंच उडवलं. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, प्रेतासमोर सांगून टाकलं की हिची जीभ काळी आहे, हिनं बोलून बोलून नवरा खाल्ला. झालं. मोहल्ल्याला तेवढंच हवं होतं. कोणाचं पोरगं परीक्षेला निघालं की आया त्याला आमच्या दारावरून नेत नसत.

मोठीआईनं ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तेव्हा तरी. आम्ही शाळेतून कोणाचं काही ऐकून रडत आलो, की ती आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढायची आणि आम्हाला दाखवायची. "पाह्य. लाल आहे का नाही? काळी दिसते का कुठं?" आम्ही दोघं अगदी जवळ जाऊन तपासायचो. लालच असायची. कधी पान खाल्लेलं असलं तर जरा जास्तच. मग ती आमची नाकं पुसायची आणि म्हणायची, "लोकायले डोळे नाहीत, त्याले आपण काय करावं?"

ओजू, दादाचा मुलगा, पहिलीत गेला त्या उन्हाळ्यात दादानं ट्रॅम्पोलीन आणलं. दादाचं खत-बियाण्यांचं दुकान बरं चाललं होतं आणि नागपूरच्या कुठल्या तरी मित्राच्या घरी त्यानं ते पाहिलं होतं. गोल, काळं, सभोवार स्प्रिंगा आणि उंच जाळी. मोठीआई त्याला "उड्यायची बाज" म्हणायची. घेऊन आलेल्या माणसांनी ती बाज मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली मांडली, कारण तिथं फोटो छान येईल असं दादाला वाटलं. मोठीआई म्हणाली, "वर टीन आहे. पोट्टं उडन अन् टाळू फाटन." दादा हसला. मग ही सुपात लसूण घेऊन चढली आणि ट्रॅम्पोलीनच्या मधोमध लुगडं आवरून बसली. निवांत लसूण सोलत राहिली. शेवटी माणसांनी कंटाळून ते संत्र्याच्या झाडांपासूनही लांब, मोकळ्या मातीवर हलवलं, तेव्हाच उतरली. उतरली तीही काठावर बसून, आधी पाय खाली सोडून. पुढं मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला तिनं तसंच उतरायला लावलं. वरून थेट जमिनीवर उडी मारणाऱ्याला त्या दिवशी परत चढू द्यायची नाही.

पोरं चार वाजता यायची आणि ही शिडीशी स्टूल टाकून बसायची. चप्पल काढ. कडं काढ. खिसे रिकामे कर. गोट्या, चाव्या, करदोट्याची पिन, सगळं एका वाटीत जमा. स्प्रिंगांवरची गादी सरकली का ते हातानं चाचपून पाहायची. कोलांटी नाही म्हणजे नाही, "मान मोडली तं मानेले पलस्तर नसते." आणि सर्वांत कडक नियम, एका वेळी एकच. बाकीच्यांनी ओट्यावर बसायचं. भांडणं होऊ नयेत म्हणून तिनं पाळी मोजायचा उपाय काढला. आतल्यानं उडत उडत एक पाढा म्हणायचा, तो संपला की बाहेर. चुकला तर ओट्यावरची पोरं ओरडून दुरुस्त करायची. "सात सक्क बेचाळीस" हवेत, "सात सत्ते एकोणपन्नास" खाली. मी सुटीत आले तेव्हा ते पाहून पोट धरून हसले होते. आमच्या शाळेत पाढ्यांसाठी इतकी धडपड करतो आणि इथं पोरं पाढ्यासाठी रांग लावून बसली होती.

दादाला या सगळ्याची गंमत वाटायची. "मोठीआई," तो म्हणायचा, "तुह्या माहेरी पांढुर्ण्यात लोकं पोळ्याच्या गोटमारीत दगडानं डोकी फोडून घेतात, अन् तू उड्यायले भिऊन राहिली?" ती म्हणायची, "म्हणूनच भिऊन राहिली. फुटलेली डोकी म्या पाह्यली, तू नाही."

वहिनीला मात्र गंमत वाटत नव्हती. वहिनी वाईट बाई आहे असं मी म्हणणार नाही, म्हणावंसं फार वाटतं तरी. तिला ते रोजचं मोडन, फाटन, फुटन सहन होत नव्हतं. "लेकराच्या बाबतीत असं अशुभ बोलत जाऊ नका ना," ती म्हणायची. तिला मोहल्ल्यातून सगळं कळलेलं होतं. मोठीआई तिच्यापुरतं गप्प बसायची आणि चार वाजले की पुन्हा स्टुलावर.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरून आली आणि सगळी आमच्या अंगणात जमली. सकाळी पाऊस पडून गेला होता. मोठीआईनं जुन्या चादरीनं ट्रॅम्पोलीन कोरडं केलं होतं. मी पोरांना द्यायला लाडूंचं ताट घेऊन मागच्या दारात उभी होते. तेवढ्यात ओजूचे मामा आले, वहिनीचा भाऊ, छिंदवाड्याहून. क्विंटलभराचा माणूस. ओजू आत उडत होता, पाचाचा पाढा चालला होता. मामांनी चपला काढल्या आणि चढले की आत. वहिनीनं मोबाइल काढला, "थांब थांब, रील बनवते."

मोठीआई स्टुलावरून उठली. "भाऊ, तुमी उतरा. एका वेळी एकच."

"अहो मोठीआई, त्याला मजा येऊन राहिली!" मामा उडतच म्हणाले. खरंच, ओजू खिदळत होता. मामा खाली आले की तो फेकल्यासारखा वर जायचा.

"उतरा म्हणते ना! लेकरू फेकल्या जाईन, पाय मोडन त्याचा!"

मामा आणखी एकदा खाली आले. ओजू वर गेला तो वाकडाच आणि उतरला तो एका पायावर, त्यांच्याच पायांशी. आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. ताट हातातून कधी पडलं ते मला कळलं नाही.

सगळे ओरडत होते. मामा तर "पाणी आणा, पाणी आणा" करत स्वतःच पीत होते. मोठीआई आत चढली आणि तिनं कोणालाच पोराला उचलू दिलं नाही. लाटण्याला टॉवेल गुंडाळून पायाशी बांधलं आणि नागपूरच्या दवाखान्यापर्यंत गाडीत तो पाय मांडीवर धरून बसली. रस्त्यातला एक खड्डा तिनं त्याच्या पायापर्यंत पोहोचू दिला नाही. ओजूनं आईचा नाही, तिचा पदर धरला होता. नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, नीट आणलंत, भरून येईल.

आणि त्याच दवाखान्याच्या बाकावर वहिनीनं मोबाइल काढला. मला वाटलं, आता भावाला झापणार. कशाचं! तिनं आवाज वाढवला आणि दादाच्या कानाशी धरला. "ऐका. 'पाय मोडन त्याचा.' हिनं म्हटलं, अन् लगेच. ऐका ना पुन्हा." ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा लावत होती. मामा मान हलवत होते. त्यांच्या हातात कोणीतरी उसाच्या रसाचा गिलास दिला होता, धक्का बसला होता ना त्यांना!

"वहिनी, कान कशाला लावता? डोळे लावा!" मी ओरडले. सगळा दवाखाना पाहायला लागला. "कोण उडतंय त्यात? दिसतोय ना एवढा मोठा माणूस?"

"माझ्या भावावर घालू नका, ताई," वहिनी म्हणाली. दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. ज्याचं नाक हिनं पुसलं, ज्यानं माझ्याबरोबर ती जीभ जवळ जाऊन तपासली होती, तो दादा. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मोठीआई म्हणाली, "मले दाखव ते." वहिनीनं मोबाइल दिला. मोठीआईनं तो डोळ्यांसमोर धरला नाही, कानाशी धरला. एकदा ऐकलं. मग म्हणाली, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं मोबाइल परत केला आणि हात लुगड्याला पुसले. "माहाच आवाज आहे," ती म्हणाली. नवरा गेला तेव्हा असला मोबाइल नव्हता, त्यामुळं लोक काय म्हणतात ते तिला हसण्यावारी नेता आलं. आता पुरावा तिच्या कानाशी धरला होता, घरच्यांनीच.

दुसऱ्या दिवशी दादा मोठीआईला म्हणाला, "थोडे दिवस माहेरी जाऊन ये. हिचं मन शांत होऊ दे." तो फक्त "थोडे दिवस" म्हणाला आणि ती पांढुर्ण्याला भावाकडं गेली. ओजूचं पलस्तर निघालं, पोरगं धावायला लागलं, कोणी तिला आणायला गेलं नाही. मी नागपूरला चल म्हटलं, तर नुसती नाही म्हणून मान हलवली.

ट्रॅम्पोलीन अजून तिथंच आहे. परवा गेले तेव्हा स्टुलावर वहिनी बसली होती. "कडं काढ. एका वेळी एकच. चल, नवाचा पाढा." आलेल्या पाहुण्या बाई म्हणाल्या, "किती शिस्त आहे हो तुमच्याकडं!" वहिनी म्हणाली, "ठेवावीच लागते." मी चहा न पिता उठले.

ओजूचा पाय मोडला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मोठीआई गेली, झोपेतच. त्याच्या आधी मी तिला एकदा भेटले. भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायची. भावाचा नातू जिन्याच्या कठड्यावरून घसरत होता. मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिले, आता ती म्हणेल, मोडन, फाटन, फुटन. ती उठली, गुडघे धरत जिन्याखाली गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली, पोरगं खाली येईपर्यंत. तोंडातून शब्द नाही.

मला भडभडून आलं. म्हटलं, "मोठीआई, जीभ दाखव बरं." तिनं मान फिरवली. "दाखव ना. लालच आहे. मी पाहते."

तिनं तोंड उघडलं नाही. पदर ओठांवर धरला आणि त्याच्या आडून म्हणाली, "नोको व बाई. बोलली का तसंच होते."

संध्याकाळी ती बसस्टँडवर आली. डबा दिला. बस हलली तशी खिडकीच्या बाजूनं चालायला लागली, नेहमीसारखी. मी मुद्दाम हात बाहेर काढला, चांगला कोपरापर्यंत, आणि ओरडले, "मोठीआई, पाह्य! काढला हात!"

तिचे ओठ हलले. मग तिनं दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना तशीच बसबरोबर धावायला लागली. मी हात आत घेतला, तेव्हाच ती थांबली.