पुतळ्याची बाजू घेणाऱ्या सिस्टर

जालन्यात माझा सर्वांत मोठा अपमान कोणी केला असेल, तर तो आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी, आणि तोही सरावाच्या एका रबरी पुतळ्याची बाजू घेऊन! मी तेव्हा डॉक्टर होऊन तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेत होतो. दर शनिवारी त्या पुतळ्याला कधी हार्ट अटॅक यायचा, कधी विषबाधा व्हायची, आणि आम्ही चौघं त्याला वाचवायचो. उपचारांचे गुण आम्हाला शिकवणारे सर देत. आपसात काम कसं केलं याचे, भोकरदनच्या या सिस्टर. पुतळ्याची चादर सारखी करत त्या म्हणत, "घाबरू नका बाबा, लेकरं शिकून राह्यलेत." कोणी त्याच्या पोटावर कात्री ठेवली, की गुण कापलाच. "टेबल हाय का त्ये?"

एकदा पुतळ्याचं हृदय बंद पडलं. मी श्वासासाठी नळी घातली, शॉक दिला, सगळं बिनचूक. सरांनी पैकीच्या पैकी दिले. सिस्टरांनी शून्य!

"पेशंट वाचला ना?" मी भडकलो.

"वाचला. पन 'इंजेक्शन द्या' म्हनले ते कुनाला? भिंतीला? फरहाना दोनदा बोलाया गेली, तुमी हातानं गप केलं. काय सांगत व्हती, ठाव हाय?"

फरहाना म्हणजे आमच्या चौघांतली, नुकतीच रुजू झालेली नर्स. ती काय सांगत होती, मला माहीत नव्हतं.

"मंग शून्य बराबर हाय."

मी लेखी तक्रार लिहून आधी त्यांच्याच हातात ठेवली. सिस्टरांनी ती शांतपणे वाचली, त्यातलं स्वतःचं चुकलेलं नाव दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "आता द्या सरांना."

पुढच्याच महिन्यात वाटूरजवळच्या अपघातातला एक माणूस कॅज्युअल्टीत आला. खराखुरा, रक्ताने माखलेला. मी नळी घातली तरी त्याचा श्वास सुधारेना. शेजारून फरहाना काही बोलू लागली आणि माझा हात सवयीने वर गेला. समोर दाराशी सिस्टर उभ्या होत्या. मी हात खाली घेतला.

"बोला, फरहाना सिस्टर."

"सर, डावी छाती हलून न्हाई राह्यली."

खरंच हलत नव्हती. सुई घालून छातीत अडकलेली हवा बाहेर काढली, तेव्हा कुठे तो माणूस सावरला. मी कौतुकाच्या अपेक्षेने सिस्टरांकडे पाहिलं.

"तिला थँक्यू म्हनले का?"

आता त्या निवृत्त होऊन भोकरदनला असतात. मी फोन केला, की आधी विचारतात, "फरहाना कशी हाय?" माझी साधी चौकशीसुद्धा नाही! दरवेळी संताप येतो. मग फोन ठेवतो, आणि का कोण जाणे, कॅज्युअल्टीत त्या उभ्या असायच्या, त्या दाराशी जाऊन उभा राहतो.