तांदळात लिहिलेले नाव

ते प्रकरण आठवले की आरोपीचा चेहरा नंतर येतो. आधी माझे स्वतःचे मौन आठवते. एका झडतीच्या वेळी वरिष्ठांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते दिले नाही. पुढे गुन्हा उघडकीस आला, माझी पाठ थोपटली गेली. पण ही गोष्ट मी ना खात्यात बोललो, ना घरात. या लेखात मी कोणाचेही नाव घेणार नाही. माझा दोष तेवढा माझ्याच नावावर राहू द्यावा.

मी पुण्यात शाळा संपवून आईवडिलांबरोबर मँचेस्टरला आलो. वडील तिथल्या रुग्णालयात डॉक्टर होते. मी पोलिसात जावे हे त्यांना कधीच रुचले नाही, तरी मी गेलो. नव्या शतकाची पहिली काही वर्षे मी आर्थिक गुन्ह्यांच्या पथकात डिटेक्टिव्ह होतो. त्या पथकात भारतीय असा मी एकटाच.

त्या काळात संगणकक्षेत्रातली आपली पुष्कळ मंडळी तिकडे कंत्राटावर काम करीत. एजन्सी काम देई. पण पगार घ्यायचा कसा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एक मार्ग अंब्रेला कंपनीचा. तिथे तुम्ही त्या कंपनीचे नोकर होता. एजन्सीकडून पैसे ती घेते, कर आणि आपली फी कापून उरलेला पगार तुम्हाला देते. दुसरा मार्ग स्वतःची लिमिटेड कंपनी काढण्याचा. हातात थोडे अधिक राहते, पण संचालक तुम्ही, हिशेब तुमचे आणि कायद्यापुढे उभे राहायचे तेही तुम्हीच. शिवाय त्या वेळच्या नियमाप्रमाणे एकट्या संचालकाला कंपनी चालवता येत नसे. सचिव म्हणून दुसरी व्यक्ती लागे. आपल्या बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे पत्नी. शनिवारच्या जेवणावळींत भाजी कुठे स्वस्त मिळते याच्या खालोखाल ‘अंब्रेला की लिमिटेड’ हाच विषय असे.

अशाच एका अंब्रेला कंपनीविरुद्ध आमच्याकडे तक्रारी येऊ लागल्या. पगारातून कर कापला गेला होता, पण तो सरकारकडे पोहोचलाच नव्हता. मालक स्थानिक माणूस. अतिशय सौम्य, व्यथित. कोणीतरी आपल्या प्रणालीत शिरून पैसे वळवले, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या नियंत्रण कक्षात एक निनावी फोन आला. त्या कंपनीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका भारतीय कंत्राटदाराने लिमिटेड कंपनी काढली आहे. तिची सचिव ही खोटी बाई आहे. त्या पत्त्यावर एकच बाई राहते आणि दोन नावांनी वावरते, असे फोन करणाऱ्याने सांगितले.

आम्ही माहिती काढली. ते कंत्राटदार गृहस्थ मराठी होते. कंपनी सोडण्यापूर्वी त्यांनी मालकाच्या विनंतीवरून तिथली पगाराची संगणकप्रणाली दुरुस्त करून दिली होती. पत्नीच्या पासपोर्टवर एक नाव होते आणि कंपनीच्या सचिवाचे नाव पूर्णपणे वेगळे. आमचे सार्जंट चहा ढवळत म्हणाले, “आमच्या इथे पाऊस इतका, की तुझी माणसं पगारालासुद्धा छत्री घेतात. हा मात्र छत्री टाकून निघाला. का बरं?”

सगळे हसले. मीही हसलो. ‘तुझी माणसं’ हे दोन शब्द मात्र मला बोचले. त्याआधी एका प्रकरणात मी एका गुजराती दुकानदाराची बाजू समजावून सांगितली होती, तेव्हा आमचे इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले होते, “तू त्यांचा वकील नाहीस, पोरा.” तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक वाक्याकडे त्यांच्या नजरेने पाहू लागलो होतो. संशय घेणे हे पोलिसाचे काम आहे. पण स्वतःवर कोण संशय घेईल या धास्तीने तो कामाला लागला, की त्याची नजर गढूळ होते. हे मला फार उशिरा कळले.

वॉरंट घेऊन आम्ही सकाळी त्यांच्या घरी गेलो. लहानसे भाड्याचे घर. गृहस्थ कामावर निघालेले, टाय अर्धवट बांधलेला. त्यांच्या पत्नीने सवयीने आम्हा सर्वांसाठी चहा टाकला; तो कोणी घेतला नाही. संगणक, बँकेची कागदपत्रे यांबरोबर लग्नाचा अल्बमही आमच्या हाती आला. इन्स्पेक्टर पाने उलटीत होते. एका छायाचित्रापाशी ते थांबले. ताटात पसरलेले तांदूळ, आणि नवरा मुलगा अंगठीने त्यात अक्षरे कोरतो आहे.

“हे काय लिहिलंय?” त्यांनी मला विचारले.

अक्षरे स्वच्छ होती. सचिव म्हणून नोंदवलेले नाव तेच होते. लग्नानंतर सासरी ठेवलेले नाव. पासपोर्ट लग्नाआधीचा असल्यामुळे त्यावर माहेरचे नाव राहिले होते, आणि नवऱ्याने कंपनी नोंदवताना आपण ठेवलेले नाव कौतुकाने लिहिले होते. त्या देशात कोणाला सुचणार नाही अशी, पण आपल्याकडे घरोघरी झाली असती अशी ही चूक. संपूर्ण रहस्य ताटभर तांदळात मांडलेले होते आणि त्या खोलीत ते वाचू शकणारा एकमेव पोलीस मी होतो.

“लग्नातला काहीतरी विधी आहे, सर,” मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारात त्या बाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

त्या दिवशी दुपारी गृहस्थांची जबानी झाली. वकील शेजारी, टेप सुरू, कायद्याने ठरलेली सूचना देऊन झाली. त्यांनी कंपनी का सोडली हे नीट सांगितले: पगारपत्रकातल्या कपातीबद्दल विचारले की मालक विषय बदलत असे, म्हणून त्यांना शंका आली होती. इन्स्पेक्टरांना त्यात रस नव्हता. ते फिरून फिरून एकाच प्रश्नावर येत: हे दुसरे नाव कशासाठी? ते खोटे नाही, माझ्या पत्नीचेच नाव आहे, असे गृहस्थ सांगत राहिले. पण त्यांचे इंग्रजी घाबरल्यामुळे अडखळत होते आणि प्रत्येक अडखळणे आमच्या नजरेत पुरावा होत होते. माझे आडनाव त्यांनी ऐकलेच होते; शेवटी ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले:

“साहेब, तुम्ही तरी सांगा ना यांना. आपल्यात असतंच ना हे. पुढच्या महिन्यात आमचं व्हिसाचं एक्स्टेन्शन आहे. काम सुटलं तर आम्हाला परत जावं लागेल हो.”

मी उत्तर दिले. इंग्रजीत दिले. “टेपसाठी कृपया इंग्रजीत बोला.”

त्यानंतरची सगळी उत्तरे त्यांनी इन्स्पेक्टरांकडे पाहून दिली. त्यांना जामिनावर सोडले, पण चौकशीची बातमी एजन्सीपर्यंत गेली आणि कंत्राट तात्काळ संपले. ज्या कमाईच्या आधारे व्हिसा वाढवून मिळायचा, ती कमाईच थांबली.

मला स्वस्थ बसवत नव्हते. गृहस्थ निर्दोष असावेत असे मनात येई. लगेच दुसरे मन म्हणे, तुझ्या भाषेचा आहे म्हणून तुला असे वाटते. नियंत्रण कक्षातल्या त्या निनावी फोनचे रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकले. आणि एकदा ऐकताना साधा प्रश्न पडला: या बाईंना दोन नावे आहेत, हे फोन करणाऱ्याला कळले कसे? कंपन्यांच्या नोंदीत एकच नाव. शेजारीपाजारी, मराठी मंडळात, दुकानात त्याच नावाने ओळख. पासपोर्टवरचे नाव पाहिलेले लोक थोडेच असणार.

दुसऱ्या जबानीत मी गृहस्थांना एवढेच विचारले, की तो पासपोर्ट कोणी कोणी पाहिला आहे. व्हिसाचे कार्यालय, बँक आणि अंब्रेला कंपनी, ते म्हणाले. पगार दोघांच्या संयुक्त खात्यात जात असे, म्हणून मालकाने पत्नीच्या पासपोर्टची प्रत मागून घेतली होती. व्हिसा कार्यालय आणि बँक निनावी फोन करीत नाहीत.

मालकाने आमचे स्वागत फार अगत्याने केले. इन्स्पेक्टर हवापाण्याचे बोलत होते. मी म्हणालो की त्या कंत्राटदाराच्या पत्नीबद्दल थोडी माहिती हवी आहे. “कुठल्या नावाने देऊ?” तो हसून म्हणाला. आम्ही नावांचा विषय काढलाच नव्हता. इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला. पुढे करखात्याचे लोक आले, खाती उघडली गेली. कापलेला कर मालकाच्याच दुसऱ्या कंपनीत गेला होता. न्यायालयाने त्याला शिक्षा दिली.

अहवालात मी लिहिले, ‘लग्नानंतर नाव बदलण्याची प्रथा चौकशीअंती निष्पन्न झाली.’ चौकशीअंती! त्या वाक्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. इन्स्पेक्टर मनापासून म्हणाले, “चांगलं शोधलंस.” मी आभार मानले.

अंब्रेला बरी की लिमिटेड, असे लोक मला अजून विचारतात. मी म्हणतो, आधी तुमचा कर जातो कुठे ते विचारा, आणि उत्तर टाळणाऱ्यापासून दूर व्हा. त्या गृहस्थांनी नेमके हेच केले होते. स्वतःच्या नावाने उभे राहण्याची जोखीम त्यांनी पत्करली. मी मात्र खात्याच्या आडोशाला उभा राहिलो. निःपक्षपाती दिसणे आणि निःपक्षपाती असणे यांत फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत बहुधा तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच.

निवृत्तीनंतर मी त्यांचा शोध घेतला. ते एडिनबरात होते. त्या कठीण महिन्यात पत्नीला तिथल्या एका वित्तसंस्थेत नोकरी मिळाली होती, आणि तिच्या पासपोर्टवरच्या माहेरच्या नावाने निघालेल्या वर्क परमिटवर दोघे राहू शकले. गृहस्थांनी नंतर कायमची नोकरी धरली. कंत्राटाच्या वाटेला ते पुन्हा गेले नाहीत. फोनवर त्यांनी फक्त “या” एवढेच म्हटले.

दार बाईंनी उघडले. केस पांढरे झाले होते. मी ओळख सांगू लागलो तर त्यांनी हाताने थांबवले. दिवाणखान्यात चहा आणून ठेवला आणि माझ्यासमोर बसल्या. गृहस्थ खिडकीपाशी उभेच राहिले.

“या वेळी तरी घ्याल ना?” त्या म्हणाल्या. मी कप उचलला. मग त्यांनी विचारले, “त्या फोटोतलं तुम्हाला वाचता आलं होतं, हो ना?”

वाटेत मी बरीच वाक्ये जुळवली होती. ती सगळी सोडून दिली.

“हो, वाचता आलं होतं,” मी म्हणालो. “माझ्या आईलाही दोन नावं होती. तिचंही असंच तांदळात लिहिलं होतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं. तुम्ही दोघं मला क्षमा करा.”