एकाच फोल्डरात कोंबलेले फोटो

बारा वर्षं घर सांभाळून ती पुन्हा नोकरीला लागली, ती केवळ वन्संच्या जिवावर. सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा सदा फिरतीवर. वन्सं, म्हणजे तिची थोरली नणंद, आपलं शिलाई मशीन घेऊन या घरी राहायला आल्या आणि म्हणाल्या, "वडील माझेही आहेत. तू ऑफिसला जा."

ऑफिस डोळ्यांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. रुजू झाल्या झाल्या एक नकोसं लचांड तिच्या गळ्यात पडलं. एका दवाखान्यात पेशंटच्या डोळ्याचा फोटो पडद्यावर यायला इतका वेळ लागायचा, की बाहेर बाकांवर ताटकळलेली माणसं डॉक्टरीणबाईंवर वैतागायची.

कारण तिला लवकर सापडलं. मूळ फोटो भलतेच जड, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येकाची हलकी प्रत बनवून ठेवायचं. पुढच्या वेळी तीच दाखवायची. कल्पना चांगली होती, पण साऱ्या प्रती वर्षानुवर्षं एकाच फोल्डरात कोंबलेल्या. एक प्रत हवी तरी सॉफ्टवेअर अख्ख्या फोल्डरची यादी चाळत बसायचं. तिने प्रत्येक पेशंटला वेगळं फोल्डर देऊन टाकलं. फोटो झटकन उघडू लागले आणि ती हवेत तरंगू लागली.

चारच दिवसांत जमिनीवर आली. फार जुन्या झालेल्या प्रती रोज सकाळी आपोआप पुसल्या जात. आता त्यासाठी सॉफ्टवेअरला हजारो फोल्डरांची दारं ठोठावावी लागत होती. बहुतेकांत जेमतेम दोन-तीन फोटो. पुसापुशी संपेना आणि सकाळभर दवाखान्याचा संगणक हलेना.

ऑफिसात कुणी रागावलं नाही, ते तिला जास्त लागलं. आपल्याला हे झेपायचं नाही, राजीनामा देते, असं तिने घरी येऊन सांगितलं. वन्संनी मशीनवरचा पाय थांबवला नाही.

"मी शिवलेल्या पहिल्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या होत्या," त्या म्हणाल्या. "उसवल्या, पुन्हा लावल्या. ते गिऱ्हाईक अजून येतं माझ्याकडे."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं काम उसवलं. पेशंटच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे, तेच फोल्डरचं नाव. म्हणजे सगळी मिळून शंभरच फोल्डरं, आणि कुठे फार गर्दी नाही की कुठे शुकशुकाट नाही. शिवाय यादी चाळणं बंद करून टाकलं. नंबरावरून आणि फोटोच्या नावावरून सॉफ्टवेअर थेट प्रतीपाशी जाऊ लागलं. सकाळची पुसापुशीही दवाखाना उघडायच्या आत उरकू लागली.

खात्री करायला ती स्वतः दवाखान्यात जाऊन कोपऱ्यात उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं, फोटो आला, आणि त्या समोरच्या आजोबांशी बोलू लागल्या. काही बदललंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. याहून मोठी शाबासकी तिला नको होती.

त्या संध्याकाळी तिने चपला काढता काढताच सुरुवात केली, "वन्सं, तुम्ही नसता तर..."

"हात धू आधी," वन्सं म्हणाल्या. "बाबांना कुशीवर वळवायचंय. एकटीला जड जातात."

दोघींनी मिळून त्यांना वळवलं, पाठीला उशी लावली. तेवढ्यात तिने सगळी हकिकत सांगून टाकली. फोल्डर म्हणजे काय ते वन्संना काही उमगलं नाही, पण त्यांनी दोनदा विचारलं, "मग माणसं लवकर सुटली ना घरी?"

"सुटली," ती म्हणाली, आणि वन्संचा हात तिने बराच वेळ सोडला नाही.